हुडकलं, तवा घावलं

चौथीत असताना माझी लाकडी पट्टी हरवली. बाईंनी विचारलं तेव्हा मी उभा राहून खरं ते सांगितलं, "बाई, लई हुडकलं, पन घावली न्हाई." वर्ग हसला नाही, वर्गातलं प्रत्येक पोर तसंच बोलत होतं. बाई मात्र हसल्या. त्या नुकत्याच दुसऱ्या जिल्ह्यातून बदली होऊन आल्या होत्या. "हुडकलं नाही, शोधलं. घावली नाही, सापडली," म्हणत त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दहा वेळा लिहून घेतलं. पट्टी शेवटी घरीच, कणगीच्या मागं निघाली. आज्जीनं ती हातात देत विचारलं, "हितं हुडकलं न्हवतंस व्हय?" दहा वेळा लिहूनही आमच्या घरात काही 'शोधलं' शिरलं नाही.

पुढं कॉलेजात असताना दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड हाताशी आले. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले हे सात खंड म्हणजे माणसाचं जेवण विसरायला लावणारी चीज. मी पहिला शब्द कुठला काढला असेल ते सांगायला नको. 'हुडकणे' होता, आणि त्याचं मूळ कानडीत होतं : हुडुकु. बेळगाव-धारवाडकडचा माणूस आजही हरवलेली वस्तू 'हुडुकतो'. म्हणजे बाईंनी ज्याला गावंढळ म्हणून खोडलं, तो शेजारच्या एका भरभक्कम साहित्यभाषेचा सभ्य, रोजचा शब्द होता. त्या दिवसापासून मला कोल्हापुरी बोलणं ऐकताना एक खोड लागली. समोरचा काय म्हणतोय ते अर्धंच ऐकू येतं. उरलेलं लक्ष त्याचे शब्द कुठून चालत आले याकडं.

कोल्हापूरची बोली म्हटलं की बाहेरच्याला 'नाद खुळा', 'लय भारी' असलं टी-शर्टावर छापण्याजोगं काहीतरी आठवतं. त्या शब्दांवर माझा राग नाही. पण मला ओढ आहे ती बिनआवाजी शब्दांची. उदाहरणार्थ आजोबांचा सदरा. 'सदर' म्हणजे अरबीत छाती; छाती झाकतो तो सदरा. त्याला लावलेली गुंडी कानडी. आणि ती गुंडी ज्यात अडकवायची ते काज पोर्तुगीज 'काझा'वरून आलेलं. त्या भाषेत काझा म्हणजे घर, गुंडीचं घर. आजोबांनी आयुष्यात कधी समुद्र पाहिला नव्हता. तरी रोज सकाळी ते तीन राज्यं छातीवर जुळवून बाहेर पडत.

हे शब्द पहिल्यांदा नीट गोळा झाले ते साहेबांच्या हातून, आणि त्यात आपल्याला वाटतं त्याहून जास्त जीव होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. त्या आवृत्तीला मराठी भाषेच्या घडणीवर एक लांबलचक टिपण जोडलेलं आहे. ते लिहिणारे जॉन विल्सन, म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज मुंबईत चौपाटीसमोर उभं आहे ते. विल्सन स्कॉटलंडचे, इंग्लंडच्या सीमेजवळच्या लॉडर गावचे. तिकडं लेकराला 'बेर्न' म्हणतात आणि देवळाला 'कर्क'. दोन्ही शब्द नॉर्वे-डेन्मार्ककडच्या भाषांचे सख्खे नातलग. डोंगराकडच्या गेलिक भाषेत सैन्याच्या रणघोषाला जो शब्द होता त्याचंच पुढं इंग्रजीत 'स्लोगन' झालं. आपल्या मावळ्यांच्या हरहर महादेवाला कुणी स्लोगन म्हटलं तर ते अगदी मूळ अर्थानं बरोबर ठरेल. आणि घरची बोली वर्गात बोलली म्हणून पोरांना शिक्षा करायची पद्धत त्या मुलखातल्या शाळांतही होती. आमच्या बाई एकट्या नव्हेत.

अशा सीमेवरच्या गावात वाढलेल्या माणसाला मराठीतली जोडणी दिसली यात नवल नाही. विल्सननी सरळ लिहून टाकलं की या भाषेत दोन धातू आहेत : एक संस्कृताचा आणि दुसरा त्याहून वेगळ्या, दक्षिणेकडच्या कुळाचा. नाव त्यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणं 'सिथियन' किंवा 'तुराणी' असं दिलं, ते पुढं टिकलं नाही. पण निरीक्षण टिकलं. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, ग्लासगोत शिकलेल्या रॉबर्ट काल्डवेल यांनी द्राविड भाषांचं तौलनिक व्याकरण छापलं होतं आणि तमिळ, कानडी, तेलुगू या एका घरच्या बहिणी आहेत हे सगळ्या जगापुढं मांडलं होतं. कानडीचा मोठा कोश यायला मात्र १८९४ उजाडलं. तो किटेल नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं केला. मोल्सवर्थ एका मांडीवर आणि किटेल दुसऱ्या मांडीवर घेऊन बसलं की कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातली निम्मी भांडी ओळख देऊ लागतात.

ओळख देणारच. कारण या मुलखात कानडी कुणी पाहुणी म्हणून आलेली नाही. दहाव्या शतकाच्या मध्यापासून तेराव्याच्या सुरुवातीपर्यंत इथं शिलाहारांचं राज्य होतं. अंबाबाई त्यांची कुलदेवता, पन्हाळा त्यांचा गड. त्यांचे लेख संस्कृतात आहेत तसे कानडीत आहेत. नृसिंहवाडीच्या पुढं खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात जा. भिंतींवर आणि खांबांवर कोरलेले लेख बहुतेक कानडी. देवनागरीतला संस्कृत लेख आहे तो सिंघण यादवाचा, आणि तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे शिलाहार बुडाल्यानंतरचा. राज्य कुणाकडून कुणाकडं गेलं ते एकाच देवळात अक्षरांच्या वळणावरून कळतं. आम्ही कॉलेजातली पोरं तिथं गेलो होतो तेव्हा स्वर्गमंडपाच्या गोल झरोक्याखाली आडवं पडून आभाळ बघण्यात सगळा वेळ घालवला आणि लेखांकडं पाठ केली. नंतर त्याची लाज वाटली.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांना फारशी ठाऊक नसते. शेवटचा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या कारकिर्दीत, शके ११२७ म्हणजे इसवी सन १२०५ मध्ये, सोमदेव नावाच्या जैन पंडितानं जैनेंद्र व्याकरणावर 'शब्दार्णवचंद्रिका' ही टीका लिहून पुरी केली. कुठं? आजऱ्यात. ज्या आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आपण हौसेनं आणतो, त्या आजऱ्यात, आधीच्या शिलाहार राजानं, गंडरादित्यानं, बांधलेल्या जिनालयात बसून. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या जिल्ह्यात एक माणूस संस्कृत शब्दांच्या रूपांचा हिशोब मांडत होता. देवळाबाहेर बाजार भरत असणार आणि तिथल्या माणसांच्या तोंडी भलतंच काहीतरी चालू असणार. त्यांचं बोलणं कुणी लिहून ठेवलं नाही. ते आपल्या घरांत उरलं.

उरलं ते सगळ्यात जास्त नात्यांत. कोल्हापूर, सांगली, गडहिंग्लजच्या कुठल्याही घरात हाका ऐका : अण्णा, अक्का, आप्पा. कानडीत अण्ण म्हणजे थोरला भाऊ, अक्क म्हणजे थोरली बहीण, अप्प म्हणजे बाप. सगळ्या महाराष्ट्रानं लाडकं केलेलं 'ताई' कानडीत आईसाठी आहे. हे शब्द घरात शिरताना एकेक पायरी इकडंतिकडं सरकले. कुणाच्या घरी बापच अण्णा झाला, कुणाच्या घरी चुलता आप्पा.

आणि आज्जी. पुस्तकातली 'आजी' वेगळी, आमची 'आज्जी' वेगळी. तिच्यातला ज दणकून दुप्पट. हा गावठीपणा नव्हे, यात एक सुंदर वळसा आहे. संस्कृत 'आर्य' प्राकृतात 'अज्ज' झाला. मराठीनं आपल्या सवयीप्रमाणं जोडाक्षर सोडवलं आणि आधीचा स्वर लांबवला, त्याचा 'आजा' झाला. कानडीनं 'अज्ज, अज्जी' म्हणताना दुप्पट ज जपला. कोल्हापुरानं दोन्हीकडून घेतलं : मराठीचा लांब आ आणि कानडीचा दुहेरी ज. एका हाकेत दोन भाषांचे उच्चार, आणि हाक ऐकून येणारी म्हातारी एकच.

सगळ्यात खोल गेलेला शब्द आहे आत्या. आमच्याकडं नव्या सुनेनं सासूला 'आई' म्हणणं हे अलीकडचं, टीव्हीनं आणलेलं. जुन्या बायका सासूला 'आत्याबाई' म्हणायच्या आणि सासऱ्याला 'मामंजी'. का? तर या पट्ट्यात मामाच्या मुलीशी लग्न ही पहिली पसंती होती. मामाची मुलगी सून होऊन आली की तिची सासू ही तिच्या बापाची बहीण, म्हणजे सख्खी आत्याच. पुढं नातं नसलेल्या घरातून सून आली तरी शब्द तोच राहिला. कानडीत तर 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही. उत्तरेकडं जावं तर मामेबहिणीशी लग्न म्हणजे पाप. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हणून मांडलं. त्या ग्रंथातल्या नकाशांपेक्षा मला आमच्या मळ्यातल्या काकूंची हाक जास्त पटते. काकू आपल्या सासूला, आत्याचा दुरूनही संबंध नसताना, शेवटपर्यंत आत्याबाई म्हणत राहिल्या.

आणि हा शब्द केवळ सीमेवरच्या शेजारातून आला असं समजू नये. सातवाहन हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या गावरान गाथांत, सासूसाठी 'अत्ता' आहे. पोटाला 'पोट्ट' आहे. आणि तुपाला 'तुप्प'. कानडीत आजही तुप्पच. अख्खा उत्तर भारत 'घी' म्हणत असताना मराठी माणूस भातावर तूप घेतो, तो शब्द गाथांच्या काळापासून ताटात आहे. मग कानडीनं मराठीला दिलं की दोघींच्या आधीच्या कुणी दोघींना दिलं? पंडितांचं यावर भांडण आहे. शं. बा. जोशी यांच्यासारखा कानडी विद्वान मराठी संस्कृतीच्या पायातच कानडी माणूस बघतो. विश्वनाथ खैरे मराठीचे धागे तमिळपर्यंत नेतात. मला दोघांचंही सगळं पटत नाही. पण तूप वाढताना कुणी मराठीला संस्कृताची एकुलती एक लेक म्हणू लागला की मी वाढप्याला थांबवतो.

शब्द उसने घेणं सोपं. उसनी घेतलेली वाक्याची चाल लपून राहते. कोल्हापुरात मित्राला फोन करा. "काय करायलायस?" "जेवायलालोय." पुण्याचा माणूस हे ऐकून क्षणभर थबकतो. उकललं तर ते आहे 'जेवायला लागलोय'. पण लागलोय म्हणजे सुरुवात केलीय असं इथं म्हणायचं नाही. भात निम्मा संपलेला असतो. आता धारवाडकडं जा. तिथला माणूस 'करतोय' याला 'माडाकत्तीनि' म्हणतो. त्यात 'माडाक' म्हणजे करायला आणि 'हत्तु' म्हणजे चिकटणं, लागणं. माप एकच, कापड वेगळं. यात कानडीचा एकही शब्द नाही, आणि वाक्य पायापासून शेंड्यापर्यंत कानडीच्या अंगानं शिवलेलं.

तसंच बायकांचं 'मी आलो', 'मी जातो'. बाहेरून आलेल्या मास्तरांना सगळ्यात जास्त खटकणारी ही गोष्ट. कानडीत 'नानु बंदे' पुरुषही म्हणतो आणि बाईही म्हणते. 'मी' बोलत असेल तर क्रियापदाला बाई-पुरुष काही नसतं. शिकवताना जिला दोन रूपं सांगितली जातात, ती कोल्हापुरी पोरगी घरी आली की एकावर भागवते. हे निव्वळ कानडीमुळंच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण दोन घरांच्या मधली भिंत इथं पातळ आहे एवढं नक्की.

ती भिंत किती पातळ असू शकते हे जगाला कळलं ते आमच्या शेजारच्या कुपवाडमुळं. सांगलीजवळचं हे गाव. आता महापालिकेत गेलं, तेव्हा जेमतेम तीन हजार वस्तीचं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास करून १९७१ मध्ये एक निबंध छापला. गावातले जैन शेतकरी घरी कानडी बोलत, मुसलमान उर्दू, दलित आणि इतर काही मराठी, दोरखंड वळणारी काही घरं तेलुगू. आणि हे कैक पिढ्या चाललेलं. कुणी कुणाची भाषा सोडली नाही, कारण घरची भाषा ही जातीची खूण. पण चावडीवर, शेतात, बाजारात सगळे सगळ्यांशी बोलत. परिणाम असा झाला की या भाषांची वाक्यरचना एकच होऊन बसली. पाला कापून आणल्याचं एखादं साधं वाक्य घ्या. उर्दूतला शब्द काढून त्याच जागी मराठीचा ठेवा, तो काढून कानडीचा ठेवा, प्रत्यय सुद्धा आपापल्या खोबणीत बसतात. भाषाशास्त्राच्या वर्गात जगभर 'कुपवाड' शिकवलं जातं. सांगली-मिरजेच्या बसमध्ये बसणाऱ्याला त्यात शिकवण्यासारखं काय आहे हा प्रश्न पडेल.

आता तालीम. इथं कानडी थोडी मागं सरते आणि विजापूर पुढं येतं. पन्हाळ्यावर आदिलशाहीचं निशाण होतं, १६५९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी तो घेईपर्यंत आणि नंतरही मधूनमधून. फौज, वसूल, कचेरी यांच्या बोलण्यात फारसी शब्दांचा भरणा. ते शब्द देशमुख-कुलकर्ण्यांच्या दप्तरातून गावात झिरपले. महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करून घेतला, रघुनाथपंडितांच्या नावावर तो आहे. त्यात सुमारे तेराशे ऐंशी दरबारी शब्दांना संस्कृत जोड दिले. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव. दरबारात तो हुकूम काही काळ चालला. (पेशवा हा शब्द मात्र असा चिवट की पुढची शंभर वर्षं त्यानंच गाजवली.) आखाड्यापर्यंत तो हुकूम पोचलाच नाही.

पहाटे पाचला मंगळवार पेठेतल्या कुठल्याही तालमीच्या दारात उभं राहावं. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. शिकवणारा वस्ताद, फारसी 'उस्ताद'. शिकणारा पैलवान, तो फारसी 'पहलवान', आणि त्याच्या मुळाशी इराणातले पार्थियन, म्हणजे आपले पुराणांतले पल्हव. कुस्ती फारसी, पारशी माणूस कमरेला बांधतो ती 'कस्ती' हिची बहीण. जोर फारसी, पेच फारसी, खुराक फारसी. ज्या मातीत हे चालतं तो हौदा, अरबी 'हौद'. माती कालवताना तिच्यात ताक, तेल, हळद पडते, आणि वर हनुमानाच्या तसबिरीला उदबत्ती. बैठका मोजणारा आवाज मराठी. मैदानात जोड लागली की घुमते ती हलगी. तिचं नाव कानडीतही तेच, आणि तिथं 'हलगे' म्हणजे फळीसुद्धा. राजर्षी शाहू १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं जुनं रंगण पाहून आले आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. कल्पना रोमची, 'खास' अरबी, 'बाग' फारसी, माती पंचगंगेच्या खोऱ्यातली.

गुळाकडं जरा घाईनं जातो, नाहीतर लेख काकवीसारखा लांबेल. शाहूपुरीची व्यापारपेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. कोल्हापूरच्या गूळबाजारात आजही पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात : सौदा फारसी, दलाल आणि हमाल अरबी, आणि बोली पुकारून होतो तो लिलाव पोर्तुगीज 'लैलांव'. गुऱ्हाळावर गूळ उचलायला लागतं ते घमेलंही त्यांचंच, 'गामेला'. हमालाचा पगार त्यांचा, कुलपाची चावी त्यांची. गोव्याचा माल घाट चढून देशावर येत राहिला आणि पोत्यांबरोबर नावंही आली. पाव सुद्धा आला, पण तिथं कोल्हापुरानं आपला हिसका दाखवला. बाकीचा महाराष्ट्र मिसळीबरोबर पाव खातो. आम्ही ब्रेड खातो, स्लाइस. पोर्तुगीजाला नाकारून इंग्रजाला ताटात घेण्यामागं काय राजकारण होतं ते रंकाळ्यावरच्या कुठल्याही मिसळवाल्याला विचारून पाहा. तो तुम्हाला आणखी एक कट वाढेल.

हे सगळं ज्या शहरात इतकं मुरलेलं, त्याच शहरात शब्दांच्या शुद्धीचं वादळ एका माणसाच्या आत उठलं होतं. भवानी मंडपाला लागून राजाराम कॉलेजची जुनी इमारत आहे. तिथं माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन प्राध्यापक होते. फारसीचे ते खरे आशिक. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. मराठीनं इराणकडून काय काय घेतलं याची एवढी चोख नोंद तोवर कुणी केली नव्हती. गझल मराठीत रुजवली ती त्यांनी; १९३३ चा 'गज्जलांजलि' त्यांचाच. आणि मग हाच माणूस भाषाशुद्धीचा कैवारी झाला. १९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. १९३८ मध्ये त्यांचं 'भाषाशुद्धि-विवेक' आलं. ज्या हातानं फारसी शब्दांची जन्मपत्रिका मांडली त्याच हातानं त्यांना घराबाहेरची वाट दाखवायला घेतलं.

मला या माणसाचा हेवा वाटतो आणि कणवही येते. कोशकार शब्दाला जितका जवळून ओळखतो तितका त्याचा परकेपणा त्याला टोचत राहत असेल. आम्हाला 'हवा', 'जमीन', 'गुलाब' म्हणताना इराण दिसत नाही. त्यांना दर वेळी दिसत असणार. कॉलेजातून खासबागचं मैदान हाकेच्या अंतरावर. कुस्तीच्या दिवशी हलगीचा आवाज वर्गात येत असेल, रस्त्यावरून 'वस्ताद', 'पैलवान', 'जोर' अशा आरोळ्या जात असतील, आणि आत हे प्राध्यापक 'जोर'ऐवजी 'बळ' बरं की 'नेट' बरा हे तोलत बसले असतील. हे चित्र माझं. पण त्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसलं की दुसरं सुचत नाही.

शुद्धी सगळीच वाया गेली असं नाही. त्याच सुमारास कोल्हापुरात सिनेमाची चलती होती. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ ची, प्रभात १९२९ ची. सावरकरांच्या खात्यावर जमा असलेले दिग्दर्शक, संकलन, मध्यंतर हे शब्द पडद्यावर आले आणि टिकले. नवी वस्तू होती, जुना शब्द हाकलायचा नव्हता. रिकामी खुर्ची मिळाली की नवा शब्द बसतो. कुस्तीत खुर्ची रिकामी नव्हती. तिथं मल्लविद्या, आचार्य, व्यायामशाळा हे शब्द फलकावर राहिले, आणि पोरगं पहाटे उठून तालमीतच गेलं.

उलटही घडतं. आमच्याकडं भांडण टिपेला गेलं की एक शब्द हमखास बाहेर पडतो : पायताण. 'पायताण काढू काय?' यापुढं सभ्य माणसानं थांबू नये. ऐकायला किती रांगडा! तो आहे शुद्ध संस्कृत 'पादत्राण', पायाचं रक्षण करणारं ते. आणि कोल्हापुरी पायताणाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात जिल्हे धरले आठ : महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. १९५६ मध्ये भाषावार प्रांत झाले तेव्हा रेघ याच मुलखातून गेली. बेळगाव तिकडं राहिलं, बेळगाव जिल्ह्यातलं चंदगड इकडं कोल्हापुरात आलं. त्या रेघेवरून पायताणं अजून निघतात, हातात सुद्धा. चामडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांना मात्र आठही जिल्ह्यांत एकच कामाची भाषा पुरते.

आज्जी थकली तेव्हा दुपारी तिच्याजवळ बसायचो. उशाशी तिची चंची असायची, मळक्या लाल खणाची, पाच कप्प्यांची. दोरी सोडली की ती पान उलगडावं तशी उघडायची. एका कप्प्यात कात, एकात चुन्याची डबी, एकात तंबाखूची पुडी, आणि मधल्या मोठ्या कप्प्यात अडकित्ता. पितळेचा, दोन मोरांचा, एका मोराची चोच झिजून सपाट झालेला. तिचे हात थरथरत, पण सुपारीवर अडकित्ता बसला की थरथर जायची आणि कातर पाकळ्यांसारखी पडायची. एकदा तिला माझी सगळी विद्या ऐकवली. म्हटलं, आज्जी, ही चंची कानडी, 'संचि'. अडकित्ता कानडी, 'अडके' म्हणजे सुपारी. चुना संस्कृत. तंबाखू पोर्तुगीजांनी आणली. आणि तू हुडकतेस म्हणतेस ना, ते पण कानडी. अक्का, अण्णा, तूप, गुंडी, सगळं कानडी.

तिनं सुपारीची खांड तोंडात टाकली, माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"म्हंजी," ती म्हणाली, "येवढी वरसं मी कानडी बोलतो व्हय?"